नवरा-बायको मिळून नवीन ख्रिस्ती मंडळी सुरू करताय? हॉल सगळ्यात शेवटी बघा

मंडळी, म्हणजे चर्च, सुरू करायचं डोक्यात आलं की जोडप्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, हॉल कुठं बघायचा. राजारामपुरीत भाडं झेपत नाही, उचगावला काय मिळेल का, कळंब्याकडं कुणाचंतरी गोडाऊन रिकामं हाय म्हणे. काहीजण तर बोर्डाचं डिझाईन पण करून ठेवतात, नाव, कबुतर, उगवता सूर्य, आणि खाली पास्टर अमुक अमुक आणि सिस्टर अमुक. मी सगळ्यांना एकच सांगते, हॉल शेवटी. आधी घरातलं ठरवा, मग जिथून निघताय तिथलं नीट करा, मग पैसा, मग कागद, आणि ह्या सगळ्यातनं पार झालात तर हॉल मिळतोच, कोल्हापुरात रिकाम्या जागांचा तुटवडा नाही.

हे मी पाळकाची, म्हणजे पास्टरची, बायको म्हणून लिहितेय, म्हणजे ज्या बाजूनं हे फारसं कुणी लिहीत नाही त्या बाजूनं.

बोलावणं दोघांना आहे का एकालाच?

नवरा म्हणतो देवानं मला बोलावलंय, बायको म्हणते हे जिथं जातील तिथं मी. ऐकायला गोड आहे पण ह्यावर मंडळी उभी राहत नाही, कारण पुढं रोज रात्री नऊला दारात कोणीतरी येणारे आणि चहा तिलाच टाकावा लागणारे. म्हणून दोघांनी वेगवेगळं बसून कागदावर लिहा, मला हे काम का करायचंय, मला त्यात कशाची भीती वाटते, आणि कुठल्या गोष्टीला मी नाही म्हणणार. मग कागद अदलाबदल करा. बायकोनं "मला स्टेजवर बोलायला आवडत नाही पण बायकांचा बायबल स्टडी घेईन" असं लिहिलं तर तेच खरं धरा, तिला बळंच माईक देऊ नका. उलटंही असतं बरं का, ती जास्त चांगला संदेश देते आणि ह्यांना हिशेब आणि लोकांच्या घरी जाणं जमतं. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या १८व्या अध्यायात अक्विला आणि प्रिस्किल्ला आहेत ना, तंबू शिवायचा धंदा दोघांचा, प्रेषित पौल राहायला त्यांच्याकडं, आणि अपुल्लो नावाच्या प्रचारकाला घरी नेऊन नीट समजावलं तेही दोघांनी मिळून, आणि नव्या करारात बऱ्याच ठिकाणी बायकोचं नाव आधी येतं. आपल्याकडं तेच प्रिस्किल्लाला "सिस्टर, पोह्याचं बघता का" एवढ्यावर ठेवतात.

ह्यात सासू-सासरे, आई-वडील पण धरा. सरकारी नोकरी सोडून मुलगा पाळकी करणार म्हटल्यावर घरात काय होतं ते सांगायला नको. त्यांची परवानगी मिळेलच असं नाही, पण त्यांना बाहेरनं कळू देऊ नका.

आणि घरात लेकरं असतील तर त्यांचं आधी ठरवा. पाळकाचं पोरगं म्हणून त्यानं पहिल्या रांगेत बसलंच पाहिजे, गाणं म्हटलंच पाहिजे, प्रार्थना केलीच पाहिजे, हे डोक्यातनं काढा. आठवड्यातला एक वार घराचा ठेवा, रविवार तर गेलाच, मग सोमवार घ्या. त्या दिवशी फोन सायलेंट, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खायची आणि मंडळीबद्दल बोलायचं नाही. अवघड जातं पण करा.

आधी दुसऱ्याच्या मंडळीत राबा

सेमिनरी, म्हणजे पाळकाचं शिक्षण, करा, नक्की करा, पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नोकरी करणाऱ्यांसाठी घरी बसून करायचे कोर्स पण वेगवेगळ्या संस्थांचे असतात. पण वर्गात जे मिळत नाही ते जुन्या मंडळीत मिळतं. संडे स्कूल घ्या, तरुण संघ सांभाळा, सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, पेशंट बघायला जा आणि तिथं पाच मिनिटांत प्रार्थना करून बाहेर यायला शिका, कारण शेजारच्या कॉटवरचा माणूस पण आजारीच असतो. मयताच्या घरी रात्रभर बसा. मातीची तयारी कोण करतं, पेटी कुठनं येते, दफनभूमीत खड्ड्याचं कुणाला सांगायचं, कुठलं गीत म्हणायचं, हे पुस्तकात नाही. ज्या जोडप्यानं एकही मयत सांभाळलेलं नाही त्यानं मंडळी काढायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, भले कुणाला राग येऊ दे.

आणि आपलं गाव नवीन नाही ह्या कामाला. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आणि त्यांची बायको एलायझा १८५२ ला कोल्हापुरात आले, तेही नवरा-बायकोच की. शहरात वाइल्डर मेमोरियल चर्च आजही त्यांच्या नावानं उभं आहे. त्यामुळं "इथं काहीच नव्हतं, आम्ही सुरू केलं" असली भाषा साक्ष देताना, म्हणजे देवानं काय केलं ते सभेत सांगताना, करू नका, समोर बसलेल्या आजीच्या आजीचा बाप्तिस्मा इथलाच असतो.

निघताना भांडून निघू नका

जुन्या पाळकांना पहिल्यांदा तुम्हीच सांगायचं, दोघांनी मिळून, त्यांच्या घरी जाऊन. व्हॉट्सअपवर नाही आणि रविवारच्या उपासनेनंतर गेटवर उभं राहून तर अजिबात नाही. काय मागायचं ते पण ठरवून जा. आशीर्वाद मागा, वर्षभर महिन्यातनं एकदा भेटायची वेळ मागा, पैसे मागू नका. माणसं तर मागूच नका. पाळक म्हणाले, चार घरं तुमच्याकडं राहतात ती घेऊन जा, तर गोष्ट वेगळी, ते त्यांनीच मंडळीसमोर सांगू देत. नाहीतर होतं काय, नवीन मंडळी म्हणून जे उभं राहतं ते जुन्या मंडळीतले नाराज लोक असतात, आणि तिथं नाराज असलेला माणूस तुमच्याकडं पण सहा महिन्यांनी नाराज होतोच.

कोल्हापुरात हे जास्तच जपायला पाहिजे कारण आपण सगळे एकमेकांचे पाहुणे आहोत. कोडोली, मिरज, सांगली, इचलकरंजी, कुठंही जा, कुणाची तरी आत्या, कुणाचा तरी मेव्हणा निघतोच. सकाळी बोललेलं संध्याकाळी मिरजेच्या हॉस्पिटलमधल्या नर्सला माहीत असतं. पाळक नाही म्हणाले तर? थांबा. काही महिने थांबा, परत जा, मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्यांना मध्ये घ्या. तरी नाहीच म्हणाले आणि तुम्हाला जायचंच असेल तर एक पत्र द्या, आभाराचं, त्यात तक्रारीची एकही ओळ नको, आणि त्यांच्या सभासदांना फोन करायचे बंद करा.

पैसा

दोघांपैकी एकाची नोकरी चालू ठेवा. कुणाची ते पगार बघून ठरवा, मानापमान बघून नाही. ती शाळेत शिक्षिका असेल आणि ह्यांचा पगार कमी असेल तर ती कमावेल आणि हे दिवसा घरं फिरतील, लोक बोलतील, बोलू देत. पौलानं पण तंबू शिवलेच.

अर्पणाची, म्हणजे सभेत लोक देतात त्या पैशाची, शिस्त पहिल्या रविवारपासून लावा, दहा माणसं असताना, कारण शंभर झाल्यावर लावायला गेलात की लोकांना वाटतं आमच्यावर संशय घेतायत. आमच्याकडं अर्पण मोजायचं काम घरातल्या पलंगावर व्हायचं, चादरीवर पिशवी उलटी करायची, नोटा एका बाजूला, चिल्लर एका बाजूला, मोजायला एक ताई आणि एक रिटायर्ड काका, दोघं वेगवेगळ्या घरातले, आम्ही दोघं स्वयंपाकघरात. मोजून झालं की वहीत आकडा, दोघांच्या सह्या, मग आम्हाला हाक. पाळकानं किंवा पाळकाच्या बायकोनं अर्पणाला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळलात तरी निम्मी भांडणं होत नाहीत. खातं ट्रस्टच्या नावानं निघेपर्यंत गूगल पे चा क्यूआर स्वतःचा लावायचा मोह होतो, लावू नका, पुढं इन्कम टॅक्सला ते पैसे तुमचेच दिसतात.

कोणी परदेशातले पाहुणे येऊन डॉलर पाठवतो म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. परदेशी देणग्यांसाठीच्या २०१० च्या एफसीआरए कायद्याखाली रजिस्ट्रेशन किंवा आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी पैसा घेता येत नाही, आणि रजिस्ट्रेशनसाठी साधारण तीन वर्षं जुनी संस्था आणि त्या तीन वर्षांत निदान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो, शिवाय पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. तुमच्या नावावर पाठवतो आणि तुम्ही मंडळीला वापरा, हा सल्ला देणारे भेटतात, ऐकू नका.

घरातली सभा

आता मजेचा भाग. सुरुवात घरातच करा, आणि शक्यतो स्वतःच्या नाही, दुसऱ्याच्या. आपल्या घरी ठेवली की आपण यजमान आणि ते पाहुणे, त्यांच्या घरी गेलं की उलटं होतं आणि माणूस मोकळं बोलतो. उचगावच्या दोन खोल्यांच्या घरात कॉटेज मीटिंग कशी असते सांगते. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी, कॉटवर म्हातारी माणसं, एक पोरगं मोबाईलवर गेम खेळतंय, शेजारच्या भिंतीतनं सिरीयलचं टायटल साँग येतंय. प्रार्थना रंगात आली की आत कुकरची शिट्टी होते, घरमालकीण डोळे मिटूनच उठते, गॅस बारीक करते आणि येऊन बसते, कुणी हसत नाही. शेवटी एक बाई उठतात, "वहिनी, मी जातो आता, कणीक मळून ठेवलीया," आणि दारात पाच मिनिटं उभं राहून जे बोलतात ना, नवऱ्याचं पिणं, पोरीचं लग्न, बचत गटाचा हप्ता, खरी सभा ती. म्हणून सभा संपल्या संपल्या बॅग उचलून पळू नका, दोघांपैकी एकानं तरी दारात थांबा, आणि बहुतेक वेळा ते बायकोनं थांबलेलं बरं.

वेळ सव्वा तासाच्या वर नको. दोन-तीन गीतं, एक वाचन, संदेश वीस मिनिटं, मग ज्याला सांगायचं त्यानं सांगायचं, मग प्रार्थना. गाणी मराठीच घ्या. हिंदी कोरस पोरांना आवडतात मान्य, पण आपल्याकडं निदान ना. वा. टिळकांपासून भजन-कीर्तनाच्या चालीवर ख्रिस्ती गाणं म्हणायची वहिवाट आहे आणि पेटी-ढोलकीवर ते उठतं कसं ते एकदा बघा, कीबोर्डचे हप्ते भरायची गरज नाही. खायला चहा-बिस्कीट, बास. एका घरानं तांबडा-पांढरा केला की पुढच्या घराला टेन्शन येतं, आणि ज्याच्याकडं ऐपत नाही तो सभा घ्यायचीच बंद करतो. हा नियम पाळक जोडप्यानं सांगावा लागतो, घरवाले स्वतःहून म्हणणार नाहीत.

वार कुठला ठेवायचा ते लोकांना विचारून ठरवा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीतल्या शिफ्टवाल्यांना रविवार सकाळ मोकळी असेलच असं नाही, नर्सेसचं तर रोज वेगळं. एका भागात सलग तीन-चार महिने सभा झाल्यावरच ठरवा की मंडळी ह्याच भागात होणार का. ज्या गल्लीत आधीच दोन मंडळ्या आहेत तिथं तिसरी काढू नका, गाव मोठं आहे, पाचगाव, फुलेवाडी, शिरोली पुलाच्या पलीकडं, कितीतरी घरं अशी आहेत जी रिक्षाचं भाडं परवडत नाही म्हणून रविवारी घरीच बसतात.

बाप्तिस्मा, मदत आणि कायदा

इथं गंमत नको. घटनेच्या २५व्या कलमानं धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रचार करायचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. पण १९७७ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क येत नाही. शिवाय राज्यातला आजचा नियम काय आहे ते वकिलाकडनं समजून घ्या, यूट्यूबवरनं नाही. आम्ही काय करतो ते सांगते. अठरा पूर्ण नसलेल्या बाहेरच्या घरातल्या पोराला आई-वडिलांच्या माहितीशिवाय सभेला बसवत नाही. बाप्तिस्मा मागणाऱ्याला महिनोन् महिने शिकवतो, घरच्यांशी बोललास का विचारतो, घाई करत नाही. नोकरी, शाळेची फी, औषधपाणी ह्याचा आणि सभेला येण्याचा संबंध कधीच जोडत नाही. "प्रार्थनेनं बरं होईल, गोळ्या बंद कर" असं आपल्या मंडळीतलं कोणी म्हणालं तर तिथंच उभं राहून थांबवा, सगळ्यांदेखत.

पूर येतो तेव्हा ह्याची परीक्षा असते. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं काय केलं ते आपण बघितलंय, शिरोलीजवळ हायवेच बंद. अशा वेळी भाकरी, पाणी, ब्लँकेट द्यायचं, सगळ्यांना द्यायचं, तालीम मंडळाच्या पोरांबरोबर उभं राहून द्यायचं, आणि पाकिटात पत्रक टाकायचं नाही. मंडळीचा टीशर्ट पण नको.

कागदांचं थोडक्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली ट्रस्ट नोंदवायचा, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. विश्वस्त म्हणून नवरा, बायको, मेव्हणा आणि साडू असली यादी करू नका, कायद्यानं चाललं तरी लोकांच्या डोळ्यात खुपतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, हिशेब दरवर्षी ३१ मार्चचे ऑडिट करून द्यायचे. पॅन काढा, मग बँक. देणगीवरची टॅक्स सवलत, जिला लोक ८०जी म्हणतात, ती धार्मिक ट्रस्टला साधारणपणे मिळत नाही, तेव्हा देणगीदाराला "पावती देतो, टॅक्स वाचेल" असं बोलून बसू नका. ट्रस्टची कामं सीएला विचारून करा, पाहुण्यातला हुशार पोरगा चालणार नाही.

लग्न आणि माती

नवीन पाळकाला हे कुणी सांगत नाही. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि लग्न कुणी लावायचं ते त्यात ठरवून दिलंय. एपिस्कोपल पद्धतीनं, म्हणजे बिशपांच्या हातनं, अभिषेक झालेले आणि चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक सोडले तर बाकीच्यांना सरकारचं लायसन्स लागतं. तुमच्याकडं ते नसेल तर लायसन्स असलेल्या जुन्या मंडळीच्या पाळकांना बोलवा, तुम्ही संदेश द्या, पण सही त्यांची. नाहीतर पोरीच्या पासपोर्टच्या वेळेला दाखला अडकतो आणि बाप तुमच्या दारात उभा राहतो.

तसंच दफनभूमीचं. कुणी जायच्या आधी बोलून ठेवा. दफनभूमी कुणाच्या ताब्यात आहे, नवीन मंडळीच्या सभासदाला तिथं जागा देतात का, फी किती, सही कुणाची, हे सगळं साध्या दिवशी चहा पीत विचारायचं. घरात मयत असताना दुपारी दोनला हे प्रश्न सुरू झाले की फार हाल होतात, मी बघितलेत. आणि आता कळलं असेल की भांडून निघू नका असं मी मघाशी एवढं का सांगत होते.

आता हॉल

घरात मावेनासे झालात, अर्पणातनं भाडं निघतंय, तुमच्याशिवाय सभा घेऊ शकणारी निदान तीन-चार माणसं तयार आहेत, तर हॉल बघा. लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टरच करायचा, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे, आणि करारात वापर "दर रविवारी प्रार्थना सभेसाठी" असाच लिहून घ्या. ऑफिस किंवा क्लास म्हणून घेऊन आत उपासना करू नका, शेजाऱ्यांनी तक्रार केली की मालक हात वर करतो. मालकाची सही झाल्यावर वरच्या-खालच्या मजल्यावर, समोरच्या किराणावाल्याकडं, दोघांनी जाऊन भेटा, वेळ सांगा, गाड्या कुठं लावणार ते सांगा, अडचण झाली तर फोन करा म्हणून नंबर द्या. आपला पुरुष एकटा गेला की चौकशी होते, नवरा-बायको गेले की पाणी विचारतात.

आवाज हॉलच्या बाहेर जाता कामा नये. लाऊडस्पीकरला परवानगी लागते आणि राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. चाळीस माणसांना दोन बॉक्स कशाला लागतात हे मला कधी कळलं नाही, तरुण संघाला पण पटवून बघितलं. उघड्यावर मांडव घालून कार्यक्रम असेल तर पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पाळकाच्या बायकोच्या डोक्यावरची कामं पण ह्याच वेळी लिहून वाटून टाका. चहा कोण, झाडू कोण, चादरी धुवायच्या कुणी, संडे स्कूल कोण, किल्ली कुणाकडं. आमच्याकडं चहाची पाळी घरागणिक आहे आणि त्यात पुरुषांची नावं आहेत, पहिल्या महिन्यात चहा फार गोड झाला, तक्रार कुणी केली नाही.

आणि पहिला नाताळ. नवीन मंडळीला हौस असते, २५ तारखेला सकाळीच मोठा कार्यक्रम, केक, पोरांचं नाटक. तसं करू नका. सकाळी सगळ्यांना घेऊन जुन्या मंडळीच्या उपासनेला जा, मागं बसा, पाळकांना हात मिळवून नाताळच्या शुभेच्छा द्या, त्यांच्या बायकोला करंज्यांचा डबा द्या, आणि आपली सभा संध्याकाळी सहाला ठेवा.